ओळीच्या शेवटचं ‘नाही’

एक गोष्ट आधीच सांगून मोकळी होते. मनाच्या ज्या डॉक्टरला मी ती सांगितली, तो तिच्यावर तुटून पडला, आणि आता ती सांगायचाही मला कंटाळा आला आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळा सुटल्यावर ते पत्रकं लिहायचे. स्मशानभूमीची वाट, शिष्यवृत्तीला होणारा उशीर, अंगात येणारा बुवा, जे समोर येईल त्यावर. पत्रकं पिवळ्या नाहीतर गुलाबी पातळ कागदावर एका बाजूनं छापलेली असायची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, चित्रं काढली, आणि छापलेली बाजू वाचत वाचत अक्षरं शिकले. ‘निवेदन’ आणि ‘निषेध’ हे शब्द मला ‘ससा’ आणि ‘कासव’च्या आधी वाचता येत होते.

मी चौथीत असेन. स्मशानभूमीच्या वाटेबद्दलचं पत्रक होतं आणि शेवटची ओळ ठळक टायपात होती : हा अन्याय आम्ही यापुढे सहन करणार नाही. ओळ लांब झाली आणि जालन्याच्या प्रेसमध्ये शेवटचा शब्द गळला. अण्णांनी गठ्ठा तसाच टेंभुर्णीच्या बाजारात नेला. तिथं एका किराणा दुकानदारानं पत्रक मोठ्यानं वाचलं, “हा अन्याय आम्ही यापुढे सहन करणार,” आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, “करा की मंग गुरुजी. आम्ही कुठं अडवून राह्यलो?” बाजार हसला. अण्णा उरलेला गठ्ठा घेऊन घरी आले, आणि सगळ्या घरानं सतरंजीवर बसून निळ्या बॉलपेननं एकेका कागदावर ‘नाही’ लिहिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून मला मोठा वाटा. दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा त्याच बाजारात, त्याच दुकानापुढं उभे राहिले. प्रेसही त्यांनी बदलली नाही. आमच्या घरात आजही भाजीत मीठ राहिलं तर म्हणतात, “नाही राह्यलं वाटतं.”

एवढंच. मला ती आठवण आवडते. ती कुणी माझ्या आजाराचं मूळ म्हणून उपटून दाखवली की राग येतो.

आजार आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. एम.ए. झालं होतं, जालन्याला एका डीटीपीच्या दुकानात काम करत होते, अण्णांची पत्रकं आता मी लिहीत होते. एके दिवशी एक मजकूर तपासताना वाक्याच्या शेवटी ‘नाही’ आहे की नाही, ते परत पाहावंसं वाटलं. पाहिलं, होतं. नजर काढली, आणि ते गेलं असं वाटलं. परत पाहिलं, होतं. डोळ्यांना दिसत होतं, पण आत पटत नव्हतं. काही महिन्यांत अशी वेळ आली की एक ओळ मी चाळीसदा वाचायची. दहादा नुसती, दहादा बोट ठेवून, दहादा मोठ्यानं, दहादा उलटीकडून. मध्ये कुणी हाक मारली की पहिल्यापासून. मग अर्ज, मग मोबाइलवरचे निरोप. मावशीला ‘रविवारी जमणार नाही’ एवढं कळवायला मला अर्धा तास लागायचा, आणि पाठवल्यावर तोच निरोप उघडून बघण्यात उरलेला दिवस. मैत्रिणींना सांगितलं तर एक म्हणाली, “अगं मलापण ओसीडी आहे, मला चादरीला सुरकुती चालत नाही.” तिची चादर आणि ती सुखात राहोत.

हे सगळं मी अंगावर काढलं असतं. पण मधे अभ्यासिका आली.

आमच्या गावात, टेंभुर्णीच्या थोडं पुढं, विहाराशेजारी मुलामुलींसाठी अभ्यासिका बांधून झाली होती. टेबलं आली, पंखे लागले, आणि दाराला कुलूप बसलं. आत पंचायतीचे प्लास्टिकचे पाइप ठेवले होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली मंदिराच्या ओट्यावर बसून गणितं सोडवत होत्या, आणि तिथूनही त्यांना उठवत होते. ग्रामसभेत विषय घ्यायला लावायचा तर आधी गावभर पत्रक जायला हवं होतं. ते मी लिहिलं, एका बैठकीत लिहिलं. शेवटची ओळ होती : कुलूप उघडेपर्यंत आम्ही मागे हटणार नाही.

त्या ओळीपाशी मी अडकले. त्याच जुन्या प्रेसच्या चाचांचा नियम आहे, गिऱ्हाइकानं मोबाइलवर ‘ओके’ लिहिल्याशिवाय ते मशीनला कागद लावत नाहीत. मी तीनदा ओके लिहिलं आणि तीनदा दहा मिनिटांत रद्द केलं. ग्रामसभा होऊन गेली. पत्रक माझ्या मोबाइलमध्येच राहिलं. ओट्यावर बसणाऱ्या मुलींत माझी चुलत बहीण होती. ती म्हणाली, “ताई, तुह्यं पत्रक म्हंजे पोरीच्या लग्नाची तारीख झालं. नुसतं पुढं ढकलून राह्यली.” पुढच्या वेचणीच्या हंगामाआधी ते निघालं नाही, तर त्यातल्या दोघी अभ्यास सोडून कापूस वेचायला जाणार, हे मला तिनं न सांगताही माहीत होतं.

म्हणून मी डॉक्टर शोधायला लागले.

टेंभुर्णीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि वाचन कमी करायला सांगितलं. लग्नाचंही विचारलं. ते सगळ्यांनाच विचारतात, गुडघा दुखत असला तरी.

जालन्याच्या मानसोपचार तज्ज्ञांकडे अण्णा बरोबर आले. बाहेर माणसं दाटीवाटीनं बसली होती. आत डॉक्टरांनी माझं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “याला मराठीत मंत्रचळ म्हणतात.”

“आमच्या घरात मंत्र म्हणत नाहीत,” मी म्हणाले.

“आजाराचं नाव आहे ते, ताई.”

“पण शब्द चुकीचा आहे. मी कुठलाही मंत्र म्हणत नाही. मी वाचते.”

अण्णा पुढं सरकले. “डॉक्टरसाहेब, ह्या शब्दाचं बराबर बघायला पायजे. मंत्रानं चळ लागतो, असा अर्थ निघून राह्यला. आजाराला असं नाव दिलं तर मानूस बुवाकडंच जाईल की.”

डॉक्टर पेन हातात धरून आमच्याकडे बघत राहिले. आम्ही बापलेकीनं परिभाषेवर त्यांना चांगलं ऐकवलं. शेवटी ते म्हणाले, “बरं, ओसीडी म्हणू. झोप लागते का?” गोळ्या दिल्या, आणि चिठ्ठीवर खाली लिहिलं : सोबत थेरपी आवश्यक. परतताना जीपमध्ये अण्णा खुशीत होते. “चांगलं बोललीस,” म्हणाले. घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की उलटीकडून वाचण्याचं मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.

गोळ्यांनी फरक पडला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गोळ्यांविरुद्ध बोलणारे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. मनाला लागलेला चिमटा थोडा सैल झाला. चाळीसचे पंचवीस झाले. पण ‘थेरपी आवश्यक’ म्हणजे ती कुठं मिळते, हे चिठ्ठीवर नव्हतं. घनसावंगीला माणूस आजारी पडो नाहीतर भोकरदनला, शरीराचा डॉक्टर निदान पाटी लावून बसलेला सापडतो. हे दुसरे डॉक्टर कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीतून शोधायचे, तेही कुजबुजत. मला कुजबुजायची सवय नाही. मी दुकानातल्या सगळ्यांना उघड विचारलं, आणि महिनाभर प्रत्येक जण माझ्याशी जरा हळू आवाजात बोलत होता.

पहिल्या मिळाल्या त्या समुपदेशक बाई. पडदे, उदबत्ती, पाण्याचा आवाज करणारं एक यंत्र. मी भाबडेपणानं त्यांना ती बाजारातली गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा उजळला. पुढच्या तीन भेटी आम्ही त्या सतरंजीवरून उठलोच नाही.

“त्या लहान मुलीला काय वाटत होतं?”

“मजा वाटत होती.”

“तिच्यावर किती मोठी जबाबदारी टाकली.”

“पेन दिलं होतं, नांगर नव्हता दिला.”

“वडिलांवरचा राग आपण नाकारतो आहोत. तुमच्या लोकांमध्ये संघर्षाचं हे ओझं मुलांवर येतंच.”

“कोणत्या लोकांमध्ये?”

त्यांनी पाण्याचं यंत्र थोडं हळू केलं. “म्हणजे, कार्यकर्त्यांमध्ये.”

घरी त्यांनी मला काम दिलं होतं, वडिलांना पत्र लिहायचं आणि पाठवायचं नाही. मी लिहिलं. त्यात तीन ‘नाही’ आले. जे पत्र कुणी वाचणारच नव्हतं, ते मी एक अख्खा रविवार तपासलं. पुढच्या वेळी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बघा, किती राग आहे.” मी पाचव्या भेटीला गेले नाही.

मग पुण्याचे एक सर मिळाले, मोबाइलच्या पडद्यावरून बोलणारे. माणूस गोड. खोल श्वास घ्यायला शिकवला, मनगटावर रबर बांधून ते ताणून सोडायला सांगितलं, आणि म्हणाले, “शंका आली की मला फोटो पाठवा, मी सांगत जाईन.” मला वाटलं, संपला शोध. मी मजकुराचा फोटो पाठवायची, त्यांचं उत्तर यायचं : आहे. एक शब्द. काय सुख असायचं त्या शब्दात. मी सगळ्यांना सांगत सुटले की योग्य माणूस मिळाला, स्पष्ट बोलणारा, उडवाउडवी न करणारा. सुरुवातीला दिवसातून दोन फोटो. मग आठ. मग तीस. एके दिवशी ते कुठल्या तरी लग्नात होते आणि तीन तास उत्तर आलं नाही. त्या तीन तासांत मी त्यांना अकरा फोन केले, आणि कटिंग मशीनवर हात ठेवून उभ्या असलेल्या दुकानमालकाला एकच ओळ सात वेळा वाचायला लावली. सातव्यांदा तो म्हणाला, “मॅडम, आता मलाच ते दिसंना झालं.”

सरांनी शेवटी विचारलं, “तुम्ही फोटो थोडे कमी पाठवू शकाल का?” कमी पाठवता आले असते तर त्यांच्याकडे कशाला गेले असते?

तेव्हा मी घरच्या पद्धतीनं काम हाती घेतलं. आमच्याकडे कार्यालय दाद देत नसेल तर लेखी प्रश्न विचारतात. मी थेरपिस्टांसाठी प्रश्नावली तयार केली, एकोणीस प्रश्न. शिक्षण काय, या आजाराचे किती रुग्ण पाहिले, उपचाराची पद्धत कोणती. चौदावा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता : रुग्णाच्या प्रश्नाला आपण स्पष्ट उत्तर देता काय? हो किंवा नाही लिहावे. पैकी ‘नाही’ छापलं गेलं आहे ना, हे तपासण्यात महिना गेला.

ती प्रश्नावली घेऊन मी ज्या बाईंकडे पोचले, त्या आठवड्यातून दोन दिवस जालन्यात बसतात. खाली बियाण्याचं दुकान, वर जिना, खोलीत दोन खुर्च्या आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं बियाणे कंपनीचं कॅलेंडर. पन्नाशीच्या, सुती साडी, बोलणं कोरडं. त्यांनी कागद सावकाश वाचला.

“किती दिवस लागले हे लिहायला?”

“महिना.”

“लिहायला?”

“लिहायला एक तास.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि टेबलाच्या खणात टाकली. “हा तुम्हाला परत मिळणार नाही. आणि चौदाव्या प्रश्नाचं उत्तर, नाही.”

मी उठूनच जाणार होते. चिठ्ठीत लिहिलेल्या गोळ्या, दोन थेरपिस्ट, एवढ्या खटपटीनंतर शेवटी कुणी मिळावं, तर उत्तर न देण्याचा अभिमान असलेली बाई. मी थांबले ते केवळ भांडायला. त्यांनी मला एक चिठ्ठी लिहायला सांगितली : मी उद्या येणार नाही. लिहून, घडी घालून त्यांच्या हातात द्यायची.

“‘नाही’ लिहिलंय ना?” मी विचारलं.

“मला माहीत नाही.”

“कागद तुमच्या हातात आहे.”

“आहे.”

“मग उघडून बघा.”

“नाही बघणार.”

“ही उडवाउडवी आहे. तहसीलमध्ये असंच बोलतात.”

“असेल. आता किती त्रास होतोय? दहापैकी सांगा.”

“दहा. आणि तुमचा वेगळा.”

मी पाऊण तास तिथं बसून होते, घाम पुसत. त्यांनी कागद उघडला नाही. शेवटी शेवटी त्रास सहावर आला आणि त्याचाही मला राग आला, कारण तो त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खाली आला होता.

दुसऱ्या भेटीत मी मुद्दा मांडला. “आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, तपासून बघा. आणि तुम्ही म्हणता तपासू नका. ही अंधश्रद्धा झाली.”

“एकदा तपासा की,” त्या म्हणाल्या. “माझी काही हरकत नाही. एकदा वाचून तुम्हाला काय ते कळतं. पुढच्या चोवीस वेळा तुम्ही काय तपासता?”

“खात्री करते.”

“होते का?”

मी कॅलेंडरवरचं बियाण्याचं नाव वाचायला लागले.

“काही नुसते, काही बोट ठेवून, काही मोठ्यानं, काही उलटे. मध्ये कुणी बोललं तर पहिल्यापासून. हे वाचन नाही बाई. हा जप आहे. आणि कुणी ‘आहे’ म्हटलं की तो प्रसाद. दहा मिनिटं पुरतो. मी तुम्हाला उत्तर दिलं तर मी आजाराचं काम केलं, तुमचं नाही.”

मला जालन्याचे डॉक्टर आठवले, पेन हातात धरून आमचं ऐकणारे. मंत्रचळ. आम्ही त्या माणसाचा किती वेळ खाल्ला होता. ज्या घरात आजोबांच्या काळापासून माळ ओढली गेली नाही, त्या घरात मी रोज चाळीस मण्यांची माळ ओढत होते, तीही ‘नाही’ या शब्दाची. एवढी चीड मला कुठल्याच पत्रकाच्या विषयानं आली नव्हती.

तरी बाईंशी माझं जुळलं असं कुणी समजू नये. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केली. जिन्याखाली, बियाण्याच्या पोत्यावर बसून लिहिली. रुग्णाला माहिती मिळण्याचा हक्क, वगैरे दीड पान. वर जाऊन विचारलं, “तक्रार कुणाकडे द्यायची?”

“इथं मीच आहे. माझ्याकडे द्या.”

दिली. त्यांनी घडी घालून खणात टाकली. मी जिना उतरले, रस्त्यावर आले, रिक्षाला हात केला आणि तेव्हा उमगलं की ते दीड पान मी एकदाही तपासलं नव्हतं. त्यात किती ‘नाही’ होते, मला आठवत नव्हतं. पुढच्या भेटीत मी हे जरा विजयानं सांगितलं. त्या म्हणाल्या, “रागात होतं तसं. शांतपणे जमलं पाहिजे. मावशीचा निरोप पाठवा आता, इथंच, एकदा वाचून.” कौतुक करायची त्यांना सवयच नव्हती.

निरोप पाठवले. अर्ज भरले. दुकानात येणारी लग्नपत्रिका एकदा वाचून छपाईला सोडली आणि संध्याकाळपर्यंत घड्याळ बघत बसले. काही दिवस चांगले गेले, काही दिवस पुन्हा पंचवीसवर. हंगामाआधीची शेवटची ग्रामसभा आठ दिवसांवर आली तेव्हा बाईंबरोबर ठरलं : पत्रक एकदा वाचायचं, ओके पाठवायचं, छापून आल्यावर बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही.

मी एकदा वाचलं. ओके लिहिलं. लगेच चाचांचा फोन आला.

“बेटा, पक्का? मागं तीनदा ओके करून कॅन्सल केल्तं तू.”

“पक्का.”

“लास्टची लाइन लंबी होऊन राह्यली बघ. तुह्या अब्बाच्या टाइमाला असंच...”

“चाचा, मशीन चालू करा.”

“येकदा बघून तर घे, माहे बाय.”

“मी बघणार न्हाई, अन् तुम्ही मला सांगू पन नका.”

मग ते म्हणाले, “अजीब हाय बिलकुल,” आणि मागं मशीनचा आवाज सुरू झाला.

गठ्ठा गावी आला, दोरी बांधलेला. अण्णांनी दोरी कापली, वरचं पत्रक उचललं, चष्मा लावला आणि उभ्यानं वाचलं. मी चुलीकडे तोंड करून उभी होते. वाचून संपल्यावर ते म्हणाले, “अगं, हे...”

“अण्णा, सांगू नका.”

“आता मी काय सांगून राह्यलो, आधी ऐकून तर...”

“चांगलं असंल तरी नका सांगू.”

“मंग मानसानं वाचावं कशाला?” ते चिडले. आयुष्यभर पत्रकं वाटलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणी पत्रकावर बोलू देत नव्हतं. त्यांनी गठ्ठ्याचे दोन भाग केले, एक माझ्या हातात दिला आणि चपला घालून बाहेर पडले. त्यांच्या पाठीवरून मला काही कळेना. ते तर गळलेलं पत्रक घेऊनही त्याच बाजारात उभे राहिलेले.

मी पत्रकं छापील बाजू खाली करून धरली आणि खालच्या आळीपासून सुरुवात केली. चुलत बहीण बरोबर होती. तिलाही मी तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि तिनं ओठांवर ओढणी धरून ते फार नाटकीपणानं पाळलं. चार घरं झाली. गिरणीपाशी एक म्हातारी आजी दळणाची वाट बघत बसली होती. प्रौढ वर्गात अण्णांकडूनच शिकलेली. तिनं पत्रक घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं वाचायला लागली. गिरणी नेमकी बंद झाली होती. सगळं ऐकू येत होतं.

आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं. शेवटपर्यंत थांबल्याशिवाय माणूस काय म्हणतो ते कळत नाही.

“कुलूप... उघडेपर्यंत...” आजी वाचत होती, बोट ठेवून, माझ्यासारखीच. “आम्ही... मागे...”

त्रास दहा होता. शेवटचा शब्द ऐकायला न थांबता मी बहिणीचा दंड धरला आणि पुढच्या घराची कडी वाजवली, जोरात, दोनदा. आतून कुणीतरी ओरडलं, “कोन हाय? आल्ये, आल्ये, दार काय मोडतीस का?” आणि मागं आजीनं वाक्य पूर्ण केलं.